लोहगावहून आणलेला पाहुणा

संप सुरू होऊन महिना उलटून गेला होता. एके दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "उद्या लोहगावला जायचंय. जर्मनीहून पाहुणे येतायत. मुंबईपर्यंत आलेत, उद्याच्या विमानानं पुण्याला येतील. त्यांना घेऊन थेट कारखान्यात यायचं."

मी त्या कारखान्यात दुभाषी होते. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात तेव्हा जर्मनीहून बरीच यंत्रं येत, आणि त्यांच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं कोणालाच वाचता येत नसत. मी पुण्यात हौसेनं जर्मन शिकले होते. त्या हौसेवरच मला नोकरी लागली होती. ड्रॉइंग ऑफिसच्या कोपऱ्यात माझं टेबल होतं. तिथे बसून मी दिवसभर स्क्रू, दाब आणि तेलाच्या पातळ्या मराठीत आणायची.

"मीच का?" मी विचारलं.

"भाषा तुम्हालाच येते." एवढं बोलून साहेब थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढे ते अगदी साधेपणानं म्हणाले, "आणि बाई गाडीत असली की कोणी हात घालणार नाही."

बाहेर ऊन आहे, छत्री घेऊन जा, असं सांगावं तशा आवाजात ते बोलले. आठवड्यापूर्वीच स्टाफच्या बसवर दगड पडले होते. माझ्यापुढच्या सीटवर बसलेल्या हिशेबनिसांच्या भुवईवर काच घुसली होती. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून फाटकातून आत शिरताना मी पदर डोक्यावरून घ्यायची आणि मान वर करायची नाही. फाटकासमोर संपाच्या मांडवात बसलेले कामगार आमची नावं घेऊन ओरडायचे. त्यातले निम्मे चेहरे ओळखीचे होते, आणि म्हणूनच जास्त भीती वाटायची.

साहेबांनी रस्ताही ठरवून दिला. दापोडीच्या पुलावरून यायचं नाही, तिथे संपवाल्यांची माणसं उभी असतात. विश्रांतवाडीहून दिघीकडे वळायचं आणि माळावरून भोसरीत उतरायचं. कंपनीची गाडी सगळे ओळखतात, म्हणून भाड्याची टॅक्सी घ्यायची. आणि पाहुण्यांना संपाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. "त्यांनी नवं मशीन चालू करून दिलं की संप मोडायचं निम्मं काम झालं," साहेब म्हणाले.

घरी सांगितल्यावर बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. ते शाळेत शिक्षक होते, कुणाशी मोठ्यानं बोलायचे नाहीत. "नाही म्हणून सांग," ते म्हणाले. नाही म्हणायचं म्हणजे नोकरी सोडायची, हे त्यांनाही कळत होतं.

संध्याकाळी गल्लीतल्या नळावर समोरच्या घरातल्या वहिनी भेटल्या. त्यांचे यजमान आमच्याच कारखान्यात फिटर होते. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची. माणसं मूळची साताऱ्याकडची. भाऊ संपातल्या पुढच्या माणसांपैकी होते. संप सुरू झाल्यापासून मी त्यांच्या दारात गेले नव्हते, पण त्यांची मुलगी इंग्रजी शिकायला अजून आमच्याकडे यायची. त्याबद्दल दोन्ही घरांत कोणी काही बोललं नव्हतं.

वहिनींनी हंडा नळाखाली लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या हापिसला जाऊ नको."

"का हो?"

"डोकं दुखतंय म्हण. पोट दुखतंय म्हण. काहीही म्हण."

"वहिनी, काय झालंय?"

"मला काय ठावं नाही," असं म्हणून त्यांनी अर्धाच भरलेला हंडा उचलला आणि त्या गेल्या.

ती रात्र मी कशी काढली ते सांगता येत नाही. साहेबांना सांगावं तर भाऊंना पोलिस उचलणार. सांगू नये तर उद्या मी स्वतःच त्यात सापडणार. शेवटी मी कुणालाच काही सांगितलं नाही. सकाळी साडी नेसताना निऱ्या हातातून सुटत होत्या.

टॅक्सीवाले सांगवीचे होते, पन्नाशीचे, पांढऱ्या टोपीतले. त्यांची अँबेसिडर जुनी होती. मागचं एक दार आतून उघडत नसे. "काय न्हाई व्हत ताई, आपली गाडी लई गुणाची हाय," ते म्हणाले. आपण कोणाला आणायला निघालो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

लोहगावचा विमानतळ तेव्हा एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढा होता. एक दिवाणखान्यासारखी खोली, चार पंखे, पलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे हवाई दलाचं मोकळं मैदान. विमान उशिरा येणार होतं. मी पाहुण्यांचं नाव लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून उभी राहिले. जरा वेळानं लक्षात आलं की बाहेर चहाच्या टपरीपाशी दोघे जण मोटारसायकलला टेकून उभे आहेत आणि माझ्याकडेच बघतायत. त्यातला एक मशीन शॉपमधला होता. मी पुठ्ठा उलटा केला. पण उलटा पुठ्ठा धरलेली बाई तर जास्तच नजरेत भरणार, म्हणून पुन्हा सुलटा केला.

विमान उतरलं. लोक शिडीवरून खाली आले आणि उन्हातून चालत आमच्याकडे यायला लागले. पाहुणे लगेच ओळखू आले. सगळ्यांपेक्षा उंच, साठीच्या आसपासचे, हातात टोपी, आणि अंगात एप्रिलच्या उन्हाला अजिबात न शोभणारा जाड कोट. माझी पाटी वाचून ते हसले. मी जर्मनमधून स्वागत केलं तेव्हा आणखी हसले. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. इथे आपली भाषा बोलणारं कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं, असं ते दोनदा म्हणाले.

हातगाडीवरून सामान आलं. मी बाहेर बघितलं, तर टपरीपाशी कोणी नव्हतं. मोटारसायकलही नव्हती.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, ते पुढे कोणाला तरी निरोप द्यायला गेले असणार.

विश्रांतवाडी मागे पडेपर्यंत पाहुणे खिडकीतून बघत होते आणि विचारत होते. हे झाड कोणतं, ते पक्षी कोणते. मी काय उत्तरं देत होते मला माहीत नाही. दिघीकडे वळलो तशी घरं विरळ झाली. पुढे नुसता माळ, बाभळी, मधूनच लष्कराचं तारेचं कुंपण. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. साहेबांना हा रस्ता सुरक्षित वाटला होता. मला मात्र वाटत होतं, इथे काही झालं तर ओरडलेलंही कोणाला ऐकू जाणार नाही.

"ताई," टॅक्सीवाले आरशातून बघत म्हणाले, "ती फटफटी मगाधरनं आपल्या म्होरं हाय. आमी हळू केलं की तीबी हळू व्हती."

मी वाकून पुढे बघितलं. दोघे होते. मागे बसलेला पुन्हा पुन्हा वळून बघत होता.

"गाडी मागे वळवता येईल?"

"येईल की. पर मग दापोडीमार्गेच जावं लागंल."

दापोडीला तर जायचंच नव्हतं. आमचं हे बोलणं चाललं असताना पाहुणे माझ्याकडे बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "काहीतरी बिघडलंय ना? तुम्ही सारख्या त्या मोटारसायकलकडे बघताय."

मी नजर वळवली. साहेबांचं बजावणं आठवलं. पण या माणसाला कशात नेतोय हे त्याला माहीतच नसावं, हे मला सहन होईना. मी सांगून टाकलं. जर्मनमधला संपाचा शब्द इंग्रजी 'स्ट्राइक'सारखाच आहे. मी 'श्ट्राइक' म्हटल्याबरोबर टॅक्सीवाल्यांनी आरशात बघितलं.

"ताई, ह्ये त्या संपाच्या कारखान्याचं पावनं हायती व्हय?"

मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पाहुण्यांचा चेहरा मात्र बदलून गेला. "मला हे का कळवलं नाही?" ते म्हणाले. "मी अठरा वर्षांचा असल्यापासून युनियनमध्ये आहे. माझे वडीलही होते. संप चालू असताना दुसऱ्याच्या कारखान्यातलं मशीन मी चालू करणार नाही. मला कळलं असतं तर मी आलोच नसतो."

मी म्हटलं, "तुम्ही युनियनचे आहात हे मला माहीत नव्हतं." ते माझ्यावर चिडले नव्हते, पण त्यांचा आवाज वाढला होता. आणि तेवढ्यात गाडी थांबली.

पुढे ओढ्यावरची मोरी होती. तिच्यावर दोन बैलगाड्या आडव्या लावलेल्या होत्या. बाभळींच्या आडून माणसं बाहेर आली. पहिल्यांदा पाच-सहा, मग वीस, मग मोजता येणार नाहीत इतकी. कोणी घोषणा देत नव्हतं. घोषणा असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. बघता बघता त्यांनी गाडीला गराडा घातला. बॉनेटवर हात आपटले, आणि गाडी दोन्ही बाजूंनी डुलायला लागली.

"बाईला उतरवा!" मागून कोणीतरी ओरडलं.

माझ्या बाजूचं दार आतून न उघडणारं होतं. बाहेरून कोणी ते ओढत होतं आणि मी आतून हँडल घट्ट धरून बसले होते. तेव्हाच पुढच्या काचेतून मला भाऊ दिसले. लहानपणी मला सायकलवर बसवून मागून धरून धावणारे भाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एखादा खांब दिसावा तशी त्यांची नजर माझ्यावरून पुढे सरकली.

"कोणाला घेऊन निघालात, बाई?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

मग मागची काच फुटली. दगड कोणी मारला मला दिसलं नाही. खळ्ळकन आवाज झाला आणि काचांचा सडा आमच्या मांड्यांवर पडला. पाहुण्यांनी कानावर हात दाबला, बोटांतून रक्त कोटावर ओघळायला लागलं. मी किंचाळले. त्यांना धरायला गेले, पण ते पलीकडचं दार उघडून खाली उतरलेही होते.

माणूस एवढा उंच की गर्दी आपोआप मागे सरली. ते टोपी न घालता उन्हात उभे राहिले आणि मोठ्यानं बोलायला लागले. कोणाला एक शब्दही कळत नव्हता. मग त्यांनी वळून मला खूण केली. सांगा यांना.

मी त्यांच्या दारातून सरकत खाली उतरले. गाडीला टेकून उभी राहिले. ते एकेक वाक्य बोलत आणि थांबत. मी मराठीत सांगत गेले. मला संप चालू असल्याचं कोणी कळवलं नव्हतं. मीसुद्धा कामगार संघटनेचा माणूस आहे. तुमचं भांडण मिटेपर्यंत मी ते मशीन चालू करणार नाही. मी परत जाईन.

माझा आवाज इतका बारीक होता की पुढच्यांनी ते मागच्यांना ओरडून सांगितलं. हे सांगताना मला कळत होतं की मी माझ्या साहेबांच्या विरुद्ध बोलते आहे, आणि हे चारचौघांत नव्हे तर शेकडो माणसांत बोलते आहे. पण भीतीनं मला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यांनी म्हटलेल्या शब्दांत एक शब्दही पदरचा घालायचं किंवा गाळायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

"खोटं बोलतीय!" मघाचाच आवाज आला. "साहेबाचं माणूस हाय ती! वाट मोकळी करून घ्यायला बोलतीय!"

पुन्हा गलका झाला. कोणीतरी माझ्या खांद्याला धक्का दिला. पाहुण्यांनी मला मागे ओढलं आणि ते पुढे झाले. त्यांच्या कानावरून अजून रक्त ओघळत होतं. तेव्हा भाऊंनी दोन्ही हात वर केले.

"ऐका! खोटं का खरं, ते फाटकावर कळंल. ह्यांनी चालत यायचं. आमच्याबरोबर. आन् फाटकावर साहेबांच्या म्होरं हेच बोलायचं. बोलले तर जाऊ द्यायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचारा त्यांना."

मी विचारलं. पाहुणे लगेच हो म्हणाले. "पण तुम्ही गाडीत बसून घरी जा," ते मला म्हणाले. मी आजूबाजूला बघितलं. गाडीत बसायला मला कोणी सोडणार नव्हतं. आणि मी गेले तर त्यांचं बोलणं सांगणार कोण?

टॅक्सीवाले गाडीतच बसून राहिले. निघताना मी त्यांच्याकडे बघितलं. "जावा ताई," ते हळूच म्हणाले, "पर मधी ऱ्हावा. कडंनं चालू नका."

आम्ही मधोमध चाललो. माझी एक चप्पल मोरीपाशीच राहिली, डांबर तापलं होतं. भोसरीचे पत्र्याचे कारखाने दिसायला लागले, लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले, तसतसे मागून आणखी माणसं येऊन मिळत होती. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता कोणाचं तरी डोकं फिरणार. कोणाचं फिरलं नाही. वाटेत भाऊ आमच्या शेजारी आले, खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी पाहुण्यांच्या हातात दिला आणि पुन्हा पुढे गेले. पाहुण्यांनी तो कानाला दाबून धरला.

फाटकावर पोलिसांची गाडी उभी होती. आत पायऱ्यांवर साहेब उभे होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाहुणे फाटकाच्या गजांपाशी जाऊन थांबले. मघाचंच सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मी पुन्हा मराठीत सांगितलं. या वेळी माझा आवाज मोठा आला. कसा आला मला माहीत नाही. बोलणं संपलं तेव्हा मांडवातून जो आवाज उठला त्यानं दचकून मी फाटकाचे गज धरले. ते लोक आनंदानं ओरडतायत हे कळायलाही मला वेळ लागला. भाऊ तोंड वळवून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

पोलिसांनी आम्हाला गाडीत घेतलं. पाहुण्यांना पुण्याला नेऊन टाके घातले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचवलं. माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. दवाखान्याच्या दारात त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मला खूप भीती वाटली होती." मग विचारलं, "तुम्हाला?" मी हसले आणि तिथेच बाकावर बसून रडायला लागले.

पण खरी भीती पुढे होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. केबिनमध्ये आणखी दोघे मोठे साहेब होते.

"पाहुणे नेमकं काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं तेच."

"इथे जर्मन कोणालाच येत नाही," साहेब सावकाश म्हणाले. "तुम्ही त्या लोकांच्या तावडीत होतात. जिवाच्या भीतीनं तुम्ही वेगळंच काही बोललात, असं असू शकतं. तसं असेल तर तुम्हाला कोणी दोष देणार नाही. फक्त तसं सांगा. आम्ही कामगारांना सांगू की ती सगळी बाईंची घाबरून केलेली बनवाबनवी होती."

मला त्यांचा डाव कळला. हो म्हटलं की नोकरी राहणार होती, आणि फाटकावरचं सगळं खोटं ठरणार होतं. मग मांडवातली माणसं माझ्या दारात येणार होती. आणि नाही म्हटलं तर या खोलीतून बाहेर पडल्यावर काय होईल ते ठाऊक नव्हतं. तिघेही माझ्याकडे बघत होते. मोरीवर वाटली होती त्याहून ही भीती वेगळी होती. तिथे पळायला जागा नव्हती. इथे दार उघडं होतं.

"जे ते बोलले तेच मी बोलले," मी म्हटलं. "विश्वास नसेल तर त्यांनाच विचारा."

त्यांनी विचारलं की नाही, मला कळलं नाही. मला काढलं नाही. माझं टेबल ड्रॉइंग ऑफिसमधून स्टोअरच्या मागच्या खोलीत गेलं आणि जर्मन पुस्तकं माझ्याकडे यायची बंद झाली. दिवाळीनंतर मी स्वतःच नोकरी सोडली आणि पुण्यात मुलांना जर्मन शिकवायला लागले. लोहगावच्या बाजूला मात्र पुढे कित्येक वर्षं मी गेले नाही.

संप पावसाळ्यात मिटला. कामगारांच्या हाती थोडंसंच लागलं. पुढच्या माणसांना परत घेतलं नाही, त्यांत भाऊही होते. गावी जायचं ठरल्यावर त्यांचं सामान टेंपोत भरत असताना मी मदतीला गेले. वहिनींनी मला जवळ घेतलं. भाऊ दोरी आवळत होते. मोरीवरच्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

गाठ मारून झाल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, एक खरं सांग. आता कुणाला सांगत न्हाई मी. तो गोरा साहेब खरंच तसं बोलला व्हता? का आमच्यासाठी तू तुझ्या पदरचं घातलंस?"

"खरंच बोलला होता, भाऊ," मी म्हटलं. "शब्दन् शब्द."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला वाटलं, त्यांना ते पटलेलं नाही, आणि न पटण्यातच त्यांना माझ्याबद्दल माया वाटत होती. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेंपोवाल्यानं इंजिन चालू केलं, आणि भाऊ चढून त्याच्या शेजारी बसले.